आठवीची परीक्षा, बारावीपर्यंतची साथ

डिसेंबर जवळ आला की जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांमधले आठवीचे वर्ग शाळा भरण्याच्या तासभर आधीच उघडतात. स्वेटर घातलेली दहा-पंधरा मुलं डबा घेऊन जादा तासाला येतात. फळ्यावर अंकमालिका असते: 3, 7, 15, 31 आणि पुढे प्रश्नचिन्ह. एक मुलगी म्हणते, दुप्पट करून एक मिळवायचा. मागच्या बाकावरचा मुलगा दोन-दोन अंकांमधला फरक काढत जातो. दोघांचंही उत्तर 63 येतं आणि बाई दोन्ही रीती फळ्यावर तशाच ठेवतात. मग झेरॉक्स काढलेल्या उत्तरपत्रिकेवर गोल भरायचा सराव सुरू होतो. गोल पूर्ण भरायचा, रेषेबाहेर जायचं नाही, खाडाखोड करायची नाही.

ही तयारी असते एनएमएमएसची, म्हणजे राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षेची. केंद्र सरकारने 2008 मध्ये सुरू केलेल्या या योजनेत देशभरातून दरवर्षी एक लाख मुलं निवडली जातात. महाराष्ट्राचा कोटा 11,682 मुलांचा आहे. बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता अशा दोन प्रश्नपत्रिका, प्रत्येकी 90 गुणांच्या. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. निवड झाली की नववी ते बारावी दरमहा 1,000 रुपये, चार वर्षांत 48,000.

मदत बारावीनंतर नाही, नववीपासून मिळते, हेच या योजनेचं मोठेपण. महाविद्यालयाची तयारी बारावीच्या निकालानंतर सुरू होते असा आपल्याकडे समज आहे. प्रत्यक्षात गरीब घरातलं मूल महाविद्यालयापर्यंत पोचणार की नाही, याचा निकाल नववी-दहावीतच लागू लागतो. शेतात हात कमी पडतात, धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी कुणी नसतं, मुलीच्या लग्नाचा विषय निघतो. अशा वेळी मुलाच्या स्वतःच्या खात्यावर जमा होणारे हजार रुपये घरातल्या चर्चेत वजन टाकतात. हुशार आहे, सरकारने निवडलंय, शिकू दे, असं म्हणायला आईला आधार मिळतो.

आणखी एक तयारी नकळत होते, ती कागदपत्रांची. उत्पन्नाचा दाखला कुठे मिळतो, सेतू केंद्रात काय न्यावं लागतं, आधार बँक खात्याला जोडलेलं आहे का, नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच आहे का, हे सगळं घर मुलाच्या तेराव्या-चौदाव्या वर्षीच शिकतं. पुढे सीईटीनंतरच्या प्रवेशफेऱ्यांत जातवैधता, नॉन-क्रीमीलेअर, अधिवास असे दाखले मुदतीत जोडावे लागतात. ज्या घरातून महाविद्यालयात जाणारं हे पहिलंच मूल असतं, तिथे ही आधीची ओळख फार उपयोगी पडते. एका दाखल्यापायी हातची जागा गेलेल्या मुलांच्या कहाण्या प्रत्येक तालुक्यात ऐकायला मिळतात.

मात्र पैशाने न भरणारी एक दरी उरतेच. मराठी माध्यमातून दहावी झालेलं मूल अकरावी विज्ञानाला जातं तेव्हा काल पाठ असलेलं ‘संवेग’ एकदम ‘मोमेंटम’ होतं, ‘प्रकाशसंश्लेषण’ ‘फोटोसिंथेसिस’ होतं. विषय कळलेला असतो, शब्द परका असतो. वर्गात हात वर करणारी मुलं पहिल्या महिन्यातच गप्प होतात. तिथे शेजारी बसून समजावणारं माणूस लागतं.

शिष्यवृत्तीमागे असं माणूस उभं राहिलं की काय घडतं, हे महाराष्ट्राला नव्याने सांगायला नको. भीमराव आंबेडकरांच्या महाविद्यालयीन शिक्षणासाठी बडोद्याचे राजे सयाजीराव गायकवाड यांनी दरमहा 25 रुपयांची शिष्यवृत्ती दिली. त्यासाठी सयाजीरावांकडे शब्द टाकला तो कृष्णराव अर्जुन केळूसकर गुरुजींनी. या शाळकरी मुलाची हुशारी त्यांनी आधीच हेरली होती आणि स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्याच्या हाती दिलं होतं. 1913 मध्ये आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले तेही बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर. पैसा राजाचा होता, पण मुलगा आणि राजा यांच्यामधलं अंतर एका शिक्षकाने कमी केलं.

पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समिती 1955 पासून हेच काम करते आहे. डॉ. अच्युत शंकर आपटे यांनी ती सुरू केली. खेड्यातून आलेल्या मुलामुलींना तिथे अल्प दरात राहण्या-जेवण्याची सोय मिळते, वसतिगृहातली कामं मुलं वाटून घेतात आणि कमवा-शिकाचा रिवाज आहे. लीला पूनावाला फाउंडेशन 1995 पासून मुलींना शिष्यवृत्ती देतं. फी भरून ते थांबत नाही. इंग्रजी, संगणक, मुलाखतीची तयारी हाही त्या मदतीचाच भाग असतो. रक्कम आणि सोबत एकत्र मिळाली तर मूल टिकतं, हे या संस्थांनी करून दाखवलं आहे.

सरकारी योजनेत ही सोबत नाही, आणि खरी गळती तिथेच होते. एनएमएमएसच्या शिष्यवृत्तीचा अर्ज दरवर्षी राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर नव्याने भरावा लागतो. नववी-दहावीत शाळेतले शिक्षक आठवण करून देतात. अकरावीत शाळा बदलते आणि ज्या बाईंनी जादा तास घेतले त्या मागे राहतात. नव्या कनिष्ठ महाविद्यालयात शेकडो मुलांमध्ये हे मूल शिष्यवृत्तीधारक आहे, याची कुणाला खबरही नसते. अर्ज राहिला की पैसे बंद. आठवीत हजारो मुलांतून निवडलेलं मूल सोळाव्या वर्षी एका न भरलेल्या अर्जापायी यादीतून गळावं, ही चूक त्या मुलाची मानता येणार नाही.

रकमेचंही तेच. वर्षाला 6,000 ची ही शिष्यवृत्ती 2017 मध्ये 12,000 झाली आणि तिथेच थांबली. राज्य सरकारने 2024-25 पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ केली. तो निर्णय उत्तमच आहे. पण त्या दारापर्यंत पोचायला अकरावी-बारावी पार करावी लागते, आणि त्या दोन वर्षांसाठी आपण आजही महिन्याला हजार रुपयेच देतो. ही रक्कम वाढायला हवी आणि ती वर्षाच्या सुरुवातीला, पुस्तकं घेण्याच्या वेळी हाती पडायला हवी. प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयात एका शिक्षकाकडे या मुलांची यादी आणि जबाबदारी द्यावी. त्यासाठी वेगळी योजना लागत नाही, एक परिपत्रक पुरेल.

तोवर हे काम वाचकांनाही करता येईल. शेजारी, नात्यात, कामाला येणाऱ्या ताईंच्या घरी यंदा दहावी झालेलं एनएमएमएसचं मूल असेल तर त्याला दोन गोष्टी सांगा. दहावीत 60 टक्के हवेत, अनुसूचित जाती-जमातींसाठी 55. आणि अकरावीचा प्रवेश सरकारी किंवा अनुदानित महाविद्यालयातच घ्यायचा. दहावीनंतर पदविकेला गेल्यास ही शिष्यवृत्ती थांबते, हेही आधीच सांगा. मग पोर्टल सुरू झालं की एक संध्याकाळ त्याच्यासोबत बसून अर्ज भरून द्या.