लोकल न पकडता मानसोपचार

ऑनलाइन मानसोपचार म्हणजे मानसोपचारतज्ज्ञाने, मानसशास्त्रज्ञाने किंवा समुपदेशकाने फोनवर वा व्हिडिओ कॉलवर केलेले उपचार. त्यात औषधे असतात किंवा नसतातही. बहुतेक वेळा ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी पाऊण ते एक तास चालणारे ते बोलणे असते, आणि त्या बोलण्याला शिस्त असते. करोनाच्या साथीत हा प्रकार घरोघरी पोहोचला, पण त्याची सुरुवात बरीच जुनी आहे. अमेरिकेतील नेब्रास्का येथे १९५९ मध्येच दुतर्फा चालणाऱ्या टीव्हीवरून गटोपचार करून पाहिले गेले होते. भारतात चेन्नईच्या ‘स्कार्फ’ या संस्थेने २०१० पासून तमिळनाडूतील पुदुकोट्टई जिल्ह्याच्या खेड्यांत एक बस फिरवली. रुग्ण बसमध्ये बसून पडद्यावर चेन्नईच्या डॉक्टरांशी बोलायचा आणि औषधे त्याच बसमधून घेऊन घरी जायचा. खेड्यातल्या माणसाला पडद्यावरचा डॉक्टर चालणार नाही, ही शंका या बसने तेव्हाच निकालात काढली होती.

रायगड जिल्ह्यातील कर्जत आणि खालापूर तालुक्यांना या उपचाराची गरज का आहे, हे नकाशा पाहिला की कळते. सीएसएमटीपासून कर्जत लोकलने १०० किलोमीटर आणि खोपोली आणखी १५. नोकरीसाठी रोज अप-डाऊन करणाऱ्यांना हे अंतर सवयीचे आहे, आजारी मनाच्या माणसाला ते सोसत नाही. ठाण्यात १९०१ पासूनचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे आणि डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली ‘आयपीएच’ ही संस्थाही आहे. जिल्ह्याचे सरकारी रुग्णालय मात्र अलिबागला, म्हणजे पेण ओलांडून. कशेळे किंवा कडावच्या बाईला ठाणे गाठायचे तर आधी एसटी किंवा सहा आसनी रिक्षा, मग कर्जत स्टेशन, मग लोकल, आणि हाच क्रम परतीला. पन्नास मिनिटांच्या बोलण्यासाठी अख्खा दिवस मोडतो, रोज बुडतो, आणि सोबत आलेल्याचाही बुडतो. मानसोपचार एका भेटीत संपत नाही. नैराश्य किंवा चिंतेसाठी आठ-बारा आठवडे सलग जावे लागते. त्यामुळे पहिली भेट होते, दुसरी कशीबशी होते आणि तिसरी राहून जाते. उपचार अर्धवट सोडल्याचा दोष सहसा रुग्णाच्या माथी मारला जातो. तो अन्याय आहे. पुष्कळदा दोष रस्त्याचा असतो.

पावसाळ्यात तर तोही रस्ता राहत नाही. उल्हास नदी फुगली की बदलापूर-कर्जत मार्ग ठप्प होतो. २७ जुलै २०१९ रोजी वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली होती आणि सुमारे हजार प्रवाशांना बोटींतून बाहेर काढावे लागले होते. अशा आठवड्यातही ठरलेला कॉल होऊ शकतो. उपचारात खंड न पडणे हा ऑनलाइन पद्धतीचा सर्वांत मोठा फायदा आहे, आणि जाहिरातींत त्याचीच चर्चा सर्वांत कमी होते.

मानसिक आजारावरच्या कामाला कर्जत अनोळखी नाही. वेणगाव रस्त्यावर डॉ. भरत आणि डॉ. स्मिता वाटवानी यांच्या ‘श्रद्धा पुनर्वसन केंद्रा’चे काम २००६ पासून चालते. संस्था त्याआधीची, १९८८ ची. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना उचलून आणायचे, बरे करायचे आणि देशभर कुठेही असलेल्या त्यांच्या घरी पोहोचवायचे, हे तिचे काम. त्यासाठी डॉ. भरत वाटवानींना २०१८ चा रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. हे काम मोठे आहे; पण ते ज्या आजारांसाठी आहे, ते टोकाचे आजार आहेत. बाळंतपणानंतर महिनोन्महिने रडू येणारी सून, दहावीच्या वर्षी झोप उडालेला मुलगा, खोपोली-सावरोली पट्ट्यातील कारखान्यात काम गेल्यावर कोणाशी न बोलणारा बाप, यांना रुग्णालयाची खाट नको असते. त्यांना आठवड्यातून एकदा नीट ऐकून घेणारे आणि ऐकलेल्याचे काय करायचे हे जाणणारे माणूस हवे असते. बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या मानसिक आजारांत उपचारांवाचून राहिलेल्यांचे प्रमाण सुमारे ७० ते ९२ टक्के आढळले. त्यातले बहुसंख्य लोक असेच घरात वावरणारे, कामाला जाणारे, कोणाच्या डोळ्यांवर न येणारे असतात.

डोळ्यांवर न येणे यालाही लहान गावात किंमत आहे. ‘डोक्याच्या डॉक्टर’च्या दाराशी दिसले की संध्याकाळपर्यंत बाजारपेठेत बातमी होते आणि घरात लग्नाची मुलगी असेल तर ती बातमी पुढच्या स्थळापर्यंत पोहोचते. म्हणून अनेक घरांत ‘बाहेरचं काही झालंय’ म्हणत आधी भगताकडे जाणे होते. त्याच्याकडे जाण्यात कोणाला लाज वाटत नाही. फोनवरच्या उपचाराला दार नसते, बाकडे नसते, ओळखीचे कोणी भेटत नाही. मात्र घराच्या आत ही गुप्तता मिळेलच असे नाही. दोन खोल्यांत सहा माणसे असतील तर सासूच्या देखत सासूबद्दल बोलता येत नाही. लोक यातून आपापली वाट काढतात: कोणी शेताच्या बांधावर जाऊन बोलतो, कोणी गच्चीवर, कोणी रस्त्याकडेला गाडी उभी करून. चांगला समुपदेशक पहिल्याच कॉलमध्ये विचारतो की आत्ता आजूबाजूला कोण आहे, आणि मध्येच कोणी आले तर विषय बदलण्याची खूण ठरवून घेतो.

पडद्यावरून केलेला उपचार खरोखर लागू पडतो का, याचा अभ्यास झालेला आहे. स्वीडनमधील पेर कार्लब्रिंग आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये २० अभ्यास एकत्र तपासले. इंटरनेटवरून, पण तज्ज्ञाच्या मार्गदर्शनाखाली दिलेली वर्तन-विचार उपचारपद्धती आणि समोरासमोर दिलेली तीच पद्धती यांचे एकूण परिणाम सारखे निघाले. यातला ‘तज्ज्ञाच्या मार्गदर्शनाखाली’ हा भाग विसरू नये. मोबाइलवर आपोआप उत्तरे देणाऱ्या प्रोग्रामशी गप्पा मारल्याने मन हलके होईल, पण त्याला उपचार म्हणता येत नाही. तिथे जबाबदारी घेणारे कोणी नसते.

काही अवस्थांत मात्र ऑनलाइनवर विसंबणे धोक्याचे आहे. आत्महत्येचे विचार तीव्र असतील, भास होत असतील, दारू एकदम बंद केल्यावर हातपाय थरथरत असतील किंवा भ्रम होत असेल, घरात मारहाण होत असेल आणि मारणारा शेजारच्या खोलीत असेल, तर प्रत्यक्ष रुग्णालय आणि प्रत्यक्ष माणसेच लागतात. म्हणूनच जबाबदार ऑनलाइन उपचारक सुरुवातीलाच रुग्णाचा पत्ता आणि एका जवळच्या माणसाचा नंबर लिहून घेतो. पत्ता न विचारणाऱ्याला अडचणीच्या रात्री मदत पाठवता येणार नाही.

आता निवडीकडे. लोकांची पहिली गफलत पदव्यांत होते, आणि ती स्वाभाविक आहे. मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे सायकिॲट्रिस्ट, हा एमबीबीएसनंतर मानसोपचारात पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर. या क्षेत्रात औषधे लिहून देण्याचा अधिकार त्याचा आहे. केंद्र सरकारने मार्च २०२० मध्ये काढलेल्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचनांनुसार तो व्हिडिओवर तपासून बरीच औषधे देऊ शकतो, पण अमली पदार्थविषयक कायद्याखाली येणारी आणि परिशिष्ट ‘एक्स’मधील औषधे त्याला दूरस्थ पद्धतीने देता येत नाहीत. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टने एम.फिल.सारखे मान्यताप्राप्त प्रशिक्षण घेतलेले असते आणि त्याची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असते. तो चाचण्या आणि सखोल मानसोपचार करतो, गोळ्या देत नाही. समुपदेशकाचे मात्र सगळे मोकळे आहे. मानसशास्त्रात किंवा समाजकार्यात एम.ए. करून वर्षानुवर्षे देखरेखीखाली काम केलेला उत्तम समुपदेशकही याच नावाने ओळखला जातो, आणि शनिवार-रविवारचा कोर्स केलेलाही. २०२१ च्या कायद्याने संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसाठी जो राष्ट्रीय आयोग नेमला, त्याच्या कक्षेत समुपदेशकही आहेत. पण त्या आयोगाची वाट न पाहता रुग्णाला आज स्वतःच चौकशी करावी लागते. शिक्षण कुठे झाले, नोंदणी क्रमांक काय, कोणत्या त्रासावर जास्त काम केले आणि अडलेल्या केसबद्दल कोणाचा सल्ला घेता, हे विचारण्यात उद्धटपणा नाही. ज्याला हे प्रश्न झोंबतात, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये.

पदवीनंतर भाषा. दुःख ज्या भाषेत झाले, त्याच भाषेत ते नेमके सांगता येते. ‘जीव घाबरा होतो’, ‘मन उडालंय’, ‘पोटात गोळा येतो’, ‘कशातच राम वाटत नाही’ या चार वेगवेगळ्या तक्रारी आहेत, आणि हिंदीत किंवा इंग्रजीत सांगताना त्या चारही ‘टेन्शन’ या एका शब्दात बसवल्या जातात. ऑनलाइन पद्धतीने इथे फार मोठी सोय केली आहे. नेरळच्या माणसाला ठाण्याचा, पुण्याचा, कोल्हापूरचा, अगदी नांदेडचा मराठी समुपदेशक मिळू शकतो, आणि बंगळुरूला नोकरीला गेलेल्या कर्जतच्या मुलीलाही तो मिळतो. परदेशातल्या मराठी कुटुंबांची गोष्ट थोडी वेगळी. तिथे उपचार करण्याचा परवाना त्या त्या देशाचा, अमेरिकेत तर राज्याराज्याचा असतो, त्यामुळे आधी चौकशी करावी लागते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दोघांत जुळणारे नाते. एडवर्ड बोर्डिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये त्याचे तीन भाग सांगितले: कुठे पोहोचायचे यावर एकमत, त्यासाठी काय करायचे यावर एकमत, आणि आपसांतला विश्वास. नंतरच्या अनेक अभ्यासांत उपचाराच्या यशाशी या नात्याचा संबंध पुन्हा पुन्हा दिसला आहे, मग उपचारपद्धती कोणतीही असो. बोर्डिनचे तीन भाग रुग्णाला स्वतःशी तपासता येतात. तीन-चार सेशननंतर पुढे काय साधायचे आहे ते सांगता येते का, मधल्या आठवड्यात करायला काही मिळते का, आणि लाज वाटणारी गोष्ट या माणसापुढे बोलता येईल असे वाटते का? उत्तर नाही असेल तर ते आधी त्याच समुपदेशकाला सांगावे. चांगला असेल तो आपली रीत बदलतो किंवा स्वतःच दुसरे नाव सुचवतो. तरीही जमले नाही तर समुपदेशक बदलण्यात गैर काही नाही. आपल्याकडे डॉक्टर बदलणे हा डॉक्टरचा अपमान समजतात, आणि त्या भिडेपोटी लोक चुकीच्या माणसाकडे सहा महिने काढतात किंवा उपचारच सोडून देतात. पहिल्या दोन सेशनमध्ये रडू येणे, थकवा येणे, जुने वर येणे हे मात्र चालायचेच; तेवढ्यावरून निवड चुकली असे ठरवू नये. उलट ‘तुमचं लग्न करून टाका’, ‘देवाचं करा’, ‘एवढ्याशा गोष्टीचं काय मनाला लावून घेता’ असे सांगणारा, ठरावीक दिवसांत बरे करण्याची हमी देणारा किंवा ऐकण्यापेक्षा स्वतःच जास्त बोलणारा समुपदेशक पहिल्याच भेटीत ओळखावा.

पैशांचे आधीच स्पष्ट बोलावे. खासगी सेशनचे शुल्क काही शे रुपयांपासून दोन-तीन हजारांपर्यंत असते, आणि काही जण परिस्थिती पाहून सवलत देतात. ॲपवरून समुपदेशक घेताना बोलण्याची नोंद कोणाकडे राहते तेही पाहावे. अमेरिकेत २०२३ मध्ये एका मोठ्या ऑनलाइन समुपदेशन कंपनीने ग्राहकांची माहिती जाहिरातींसाठी समाजमाध्यमांना पुरवल्याचे प्रकरण फेडरल ट्रेड कमिशनपुढे आले आणि कंपनीला ७८ लाख डॉलर मोजावे लागले.

ज्याला खासगी शुल्क परवडत नाही, त्याच्यासाठी सरकारची ‘टेली-मानस’ सेवा आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी ती सुरू झाली. १४४१६ हा नंबर दिवसरात्र, मोफत आणि वीस भाषांत चालतो. मराठी त्यात आहे. आधी प्रशिक्षित समुपदेशक बोलतो, गरज पडल्यास मानसोपचारतज्ज्ञाकडे जोडून देतो किंवा जवळच्या रुग्णालयाकडे पाठवतो. ऑक्टोबर २०२४ पर्यंत या नंबरवर १४ लाखांहून अधिक कॉल घेतले गेले होते, आणि त्याच महिन्यात व्हिडिओची सोयही आली. हा नंबर कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयापासून प्रत्येक शाळेच्या फळ्यापर्यंत दिसला पाहिजे.

पण वाड्यांवर तो अजून पुरेसा नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे बेपत्ता राहिली आणि चार दिवसांनी शोध थांबवण्यात आला. वाडीला गाडीरस्ता नव्हता. बचावपथकेही चिखलातून चालत वर गेली. वाचलेल्या ठाकर कुटुंबांना आधी चौकजवळच्या कंटेनरमध्ये ठेवले गेले. ज्या माणसाला आपल्या घरच्यांचे अंत्यसंस्कारही करता आले नाहीत, त्याच्या शोकाला फोनवरच्या अनोळखी आवाजाने सुरुवात होऊ शकत नाही. आधी कोणीतरी समोर येऊन बसावे लागते, पुन्हा पुन्हा यावे लागते, आणि मग मधल्या दिवसांत फोन कामाला येतो. दोन्ही तालुक्यांतल्या ठाकर आणि कातकरी वाड्यांवर बऱ्याच ठिकाणी रेंज टेकडीच्या एखाद्या टोकावरच मिळते, अनेक घरांत एकच मोबाइल असतो आणि तो पुरुषाच्या खिशात असतो. टेली-मानसच्या वीस भाषांत कातकरी बोली नाही. तिथे आज जी व्यक्ती दारापर्यंत पोहोचते ती आशा ताई. तिला नैराश्य ओळखण्याचे शिक्षण, जादा कामाचा मोबदला आणि उपकेंद्रात दार लावून बसता येईल अशी रेंज असलेली एक खोली दिली, तर ती वाडीवरच्या बाईला शेजारी बसवून १४४१६ लावू शकेल आणि कातकरीतले मराठीत, मराठीतले कातकरीत सांगू शकेल.