सूत की मिलिमीटर? घरच्या बाकावर आटे पाडताना



आपल्या बेळगाव-निपाणी भागात हार्डवेअरच्या दुकानात उभं राहून ‘आठ एमएमचा बोल्ट द्या’ म्हटलं, की जुना दुकानदार हमखास विचारतो, “अडीच सुती चालेल का?” एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणजे ३.१७५ मिमी. त्या हिशेबाने अडीच सूत म्हणजे ७.९४ मिमी. आठला इतकं जवळ, की डोळ्याला फरक कळत नाही. आज घरच्या वर्कशॉपमध्ये डाय वापरून आटे कसे पाडायचे ते बघूया, पण सुरुवात या ‘चालेल का’पासूनच करायला हवी.

मेट्रिक मापांचा कायदा आपल्याकडे १९५६ साली झाला. त्याआधीची यंत्रं इंग्रजी मापाची. १८४१ साली इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थने स्क्रूच्या आट्यांचं प्रमाण ठरवलं, तेच इकडे आलं. त्यात आट्याचा कोन ५५ अंश असतो, मेट्रिकमध्ये ६० अंश. अडीच सुती व्हिटवर्थ बोल्टला एका इंचात १८ आटे, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर (पिच) १.४१ मिमी. एम-८ ला हेच अंतर १.२५ मिमी. म्हणून एकाचा नट दुसऱ्यावर एक-दोन फेरे गोडीगुलाबीने जातो आणि मग अडकतो. तिथे पाना लावून जोर केला, की दोघांचेही आटे गेले.

आपल्या गावाला हे विषय नवे नाहीत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावातच सायकलचं दुकान काढलं आणि पुढे इथेच कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर बनवायला सुरुवात केली. १९१० साली ते किर्लोस्करवाडीला गेले, पण बेळगावात किर्लोस्कर रोड अजून आहे. आज उद्यमबागेत चक्कर मारली, तर फाउंड्री आणि मशीन शॉप यांची रांगच दिसते. कोडिंग करून पोट भरणाऱ्या माझ्यासारख्याला बाकावर दोन तास हात काळे करावेसे वाटतात, त्याला हे पाणीही कारण असेल.

आता डायबद्दल. बाजारात मुख्यतः दोन प्रकार मिळतात. एक गोल, बाजूला फट असलेली. हँडलच्या मधल्या स्क्रूने ही फट थोडी उघडते, बाजूच्या स्क्रूंनी आवळते. नवे आटे पाडायला हीच घ्या. दुसरी षटकोनी, नटासारखी दिसणारी. ती मार लागलेले, गंजलेले आटे साफ करायला चांगली. कोऱ्या बारवर तिने आटे पाडायला गेलात, तर हाताला त्रास आणि कामाला वाकडेपणा.

पन्नास तुकड्यांचा चकचकीत डबा घेण्याचा मोह होतो. त्यापेक्षा एम-५, एम-६, एम-८, एम-१० अशा चारच चांगल्या एचएसएस डाय घ्या. जुनी यंत्रं घरात असतील, तर अडीच आणि तीन सुती व्हिटवर्थही जोडीला हव्यात. हँडल घेताना डायचा बाहेरचा व्यास बघा. २५ मिमीची डाय एक इंची, म्हणजे २५.४ मिमीच्या हँडलमध्ये बसते खरी, पण डुलते.

बार निवडताना बांधकामातली उरलेली टीएमटी सळई उचलू नका. तिची बाहेरची साल मुद्दाम कडक केलेली असते, वर तिला उंचवटे. डायची धार तिथेच मरते. एमएसचा ब्राइट बार घ्या. तोही नेमका आठ नको. आटे पाडताना धातू थोडा फुगून वर येतो, म्हणून एम-८ साठी ७.८५ ते ७.९ मिमी, एम-१० साठी साधारण ९.८५ मिमी असा बार ठेवा. कानस किंवा पॉलिश पेपरने तेवढं सहज उतरतं.

कृती अशी. बारचं टोक कानशीने चौफेर निमुळतं करा. बार व्हाइसमध्ये उभा घट्ट धरा. डायची छाप असलेली बाजू सहसा खाली, म्हणजे बारकडे येते, कारण शिरकावाचा उतार तिकडे जास्त असतो. पहिल्या फेरीला फट थोडी उघडी ठेवा. पहिले दोन-तीन फेरे वरून समान दाब द्या आणि दोन बाजूंनी गुण्या लावून बघा. इथे तिरकं गेलं, तर पुढे सरळ होत नाही. डाय पकडली, की दाब सोडा. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. मागे फिरवल्याने किस तुटतो, नाहीतर तो आट्यात अडकून आटे ओरबाडतो. एमएसला कटिंग ऑईल सढळ हाताने, ॲल्युमिनियमला रॉकेल, पितळ कोरडंच चालतं. मग नट लावून बघा. घट्ट वाटला तर डाय थोडी आवळून पुन्हा फिरवा. डोळ्यांवर गॉगल हवाच, आणि किस फुंकरीने नाही, ब्रशने झाडा.

निपाणीजवळच्या एका गावी नात्यातल्या काकांकडे जुनं कडबा कुट्टी मशीन आहे. पट्ट्यावरच्या जाळीच्या कव्हरचा स्टड तुटला होता आणि कुणीतरी त्यावर एम-८ चा नट ठोकून बसवला होता. पिच गेज लावलं तर आटे इंचाला १८. तसा स्टड अर्ध्या तासात करून दिला. काका खूश. म्हणाले, “आता पात्याचे बोल्टपण तूच कर की रे, बाजारात सहा बोल्टांना कशाला पैसे घालायचे?” मी नाही म्हटलं. त्यांना जरा लागलं. “मग एवढं शिकून उपयोग काय?”

उपयोग हाच, की नाही कुठे म्हणायचं ते कळतं. बोल्टच्या डोक्यावर ८.८ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ तो तुटायला दर चौरस मिलिमीटरला किमान ८०० न्यूटन ताण लागतो. साध्या एमएसचं हेच बळ साधारण ४१० न्यूटन, म्हणजे निम्मं. आटे कितीही सुबक पाडा, लोखंड बदलत नाही. कव्हरचा स्टड तुटला तर आवाज होईल. फिरत्या पात्याचा बोल्ट तुटला तर पातं सुटेल, आणि समोर पेंढी सारणारा हात घरातल्याच कुणाचा तरी असेल. शेवटी काकांच्या मुलाने ८.८ चे बोल्ट आणले आणि आम्ही दोघांनी ते बसवले.

म्हणून माझा नियम साधा आहे. कुंडीचा स्टँड, झोपाळ्याची शोभेची कडी, टेबलाचे पाय, हँडल, जाळी, कव्हर हे सगळं घरी करावं. गाडीचा ब्रेक, स्टिअरिंग, फिरतं पातं, माणूस टांगला जाईल असा झोपाळ्याचा हूक यांना विकतचा, छाप असलेला बोल्टच लावावा. आणि जुन्या यंत्राला हात लावण्याआधी पिच गेज लावावं. ते नसेल तर व्हर्नियरने दहा आट्यांचं अंतर मोजून दहाने भागा. १.२५ आलं तर एम-८, १.४१ आलं तर अडीच सुती.

दिवाळीच्या सुट्टीत मुलांना हे मोजायला द्या. घरातल्या दहा बोल्टांपैकी सुती किती आणि मिलिमीटरचे किती, हा खेळ त्यांना आवडतो. पुढच्या अंकात डायचा भाऊ टॅप, आणि त्यासाठी भोक किती मिमीचं पाडायचं ते पाहू.