माहेरी आलेले मूल आणि राज्याची सीमा

पतीच्या मारहाणीला कंटाळून स्त्रीने मुलासह माहेर गाठावे, ही घटना आपल्या समाजाला नवी नाही. मात्र नोकरी-व्यवसायामुळे कुटुंबे दूरवर पसरल्याने सासर आणि माहेर यांच्यामध्ये आता पुष्कळदा राज्याची सीमा असते. समजा, इंदूरला दिलेली मुलगी सहा वर्षांच्या मुलाला घेऊन जळगावला परतली. थोड्याच दिवसांत तिच्या हाती नोटीस पडते. पतीने इंदूरच्या न्यायालयात मुलाचा ताबा मागितलेला असतो.

तिच्या स्वतःच्या संरक्षणाचा विचार कायद्याने केला आहे. कौटुंबिक हिंसाचारविरोधी 2005 च्या अधिनियमाच्या कलम 27 नुसार, ती जेथे तात्पुरती राहत असेल तेथील दंडाधिकाऱ्याकडेही तिला दाद मागता येते. कलम 21 अन्वये मुलाचा तात्पुरता ताबाही मिळू शकतो. छळाची फौजदारी तक्रार आश्रयाच्या ठिकाणी चालू शकते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने रूपाली देवी प्रकरणात 2019 साली दिला आहे.

परंतु मुलाचा कायम ताबा ठरविताना आधार घ्यावा लागतो तो 1890 च्या पालक व पाल्य अधिनियमाचा. त्याच्या कलम 9 प्रमाणे मूल जेथे ‘सामान्यतः’ राहते, तेथील न्यायालयाला अधिकार असतो. मग हे मूल सामान्यतः राहते कोठे? त्याची शाळा होती त्या इंदुरात, की आईने जीव वाचवून आणले त्या जळगावात? या एका शब्दावरच दोन्ही पक्षांचा युक्तिवाद महिनोन्‌महिने चालू शकतो. इंदूरचा दावा जळगावला वर्ग करून घ्यायचा, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 25 नुसार तिला थेट दिल्लीला, सर्वोच्च न्यायालयात जावे लागते. वस्तुतः जळगावहून इंदूर सावंतवाडीपेक्षा कितीतरी जवळ आहे. पण सावंतवाडीचा दावा असता, तर उच्च न्यायालयात काम भागले असते.

अर्थशास्त्रात खर्च म्हणजे केवळ खिशातून गेलेला पैसा नव्हे. त्यासाठी जे सोडावे लागले, तेही खर्चातच धरावे लागते. प्रत्येक तारखेला प्रवासभाडे आणि वकिलाची फी तर जातेच, शिवाय दोन दिवसांचा रोजगार बुडतो आणि मुलाची शाळाही. ज्याच्याकडे घर आणि पगार आहे तो थांबू शकतो. जिच्याकडे दोन्ही नाही, ती अखेर तडजोडीस तयार होते. अशा तडजोडीला संमती म्हणणे कठीण आहे.

यावर आक्षेप येईल, की पित्याचाही मुलावर हक्क आहे आणि प्रत्येक आरोप खरा नसतो. दोन्ही गोष्टी मान्य. परंतु सुनावणी कोठे व्हावी आणि मूल कोणाकडे राहावे, हे प्रश्न भिन्न आहेत. जळगावला सुनावणी झाल्याने पित्याचा हक्क बुडत नाही. आरोपाची शहानिशा तेथेही होईल आणि मुलाला भेटण्याची व्यवस्थाही न्यायालय लावून देईल.

राज्याराज्यांच्या अधिकारांचा हाच पेच अमेरिकेतही होता. तेथे 1997 साली तयार झालेल्या आणि बहुतेक सर्व राज्यांनी स्वीकारलेल्या नमुना कायद्याने, मुलावर किंवा त्याच्या आईवर अत्याचाराचे संकट असेल, तर मूल ज्या राज्यात आले तेथील न्यायालयाला तातडीचा, तात्पुरता अधिकार दिला आहे. आपण एक पाऊल पुढे जावयास हरकत नसावी. हिंसाचार झाल्याचे दंडाधिकाऱ्याला सकृद्दर्शनी आढळल्यास आश्रयाचे ठिकाण हेच मुलाचे राहण्याचे ठिकाण मानावे, अशी दुरुस्ती कलम 9 मध्ये व्हावी. ती होईपर्यंत, दूरच्या न्यायालयात दावा लावणाऱ्या पतीकडून पत्नीच्या प्रवासाचा व बुडालेल्या रोजगाराचा खर्च प्रत्येक तारखेपूर्वी भरून घ्यावा.

पाल्याचे हित पाहावे, हे तत्त्व 1890 च्या कायद्यातही आहे. ते हित कोणत्या गावच्या न्यायालयात पाहावयाचे, एवढे ठरविण्यात मुलाचे बालपण सरून जाऊ नये.