थंड म्हणजे न तापवलेले

सुट्टीत आमचा भाचा चार दिवस घरी आला होता. पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला आहे. भंगारात द्यायला काढलेला जुना एलसीडी मॉनिटर त्याने मागच्या खोलीत नेऊन उघडला. आम्ही सहज डोकावलो, तर वायर सॉकेटमध्ये, बटण चालू आणि याचे बोट पडद्यामागच्या काडीएवढ्या बारीक नळीच्या टोकाकडे निघालेले. आम्ही ओरडलोच. तो मात्र शांतपणे म्हणाला, "मामू, ही कोल्ड कॅथोडची नळी आहे, भाजत नाही. पुस्तकात लिहिलंय."

भाजत नाही हे बरोबर. पण ती नळी पेटवताना हजार व्होल्टच्या वर दाब लागतो आणि पेटल्यावरही काहीशे व्होल्ट चालू राहतात. आपल्या सॉकेटमध्ये २३० असतात, यावरून हिशेब करावा. (त्याच्या अम्मीला आम्ही अजून यातले काही सांगितलेले नाही. हा अंक तिच्या हाती पडेल तेव्हा बघू.)

तर या महिन्यात हा एकच शब्द. कॅथोड म्हणजे ऋणाग्र, ज्या टोकातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात ते. हे नाव फॅरडे यांनी १८३४ साली रूढ केले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'खाली जाणारी वाट'. धातूत इलेक्ट्रॉन भरपूर असतात, पण ते सहजासहजी बाहेर येत नाहीत. त्यांना बाहेर काढायचा एक मार्ग म्हणजे धातू तापवणे. पातेले तापले की वाफ सुटते, तसे इलेक्ट्रॉन सुटतात. जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओत लालसर तार दिसायची, ती त्यासाठीच. डब्याएवढे टीव्ही होते तेव्हा बटण दाबल्यावर चित्र यायला थोडा वेळ लागायचा, कारण आतले ऋणाग्र आधी तापावे लागे.

दुसऱ्या मार्गात तापवणारी तारच नसते. नळीत थोडा वायू असतो. दाब पुरेसा वाढवला की वायूचे धनभारित कण जोराने ऋणाग्रावर येऊन आदळतात आणि कॅरमच्या स्ट्रायकरने सोंगटी उडावी तसे तिथले इलेक्ट्रॉन उडवतात. याला म्हणतात कोल्ड कॅथोड. तापवण्याचा खर्च वाचतो, पण तो व्होल्टेजमधून वसूल होतो. गोम इथेच आहे. नावात 'थंड' आहे म्हणून वस्तू गरीब ठरत नाही. ती थंड आहे म्हणूनच तिला जास्त दाब लागतो.

शिवाय हे ऋणाग्र हाताला थंड लागेलच असेही नाही. कणांच्या माऱ्याने ते चांगले तापू शकते. तरी त्याला कोल्डच म्हणायचे, कारण ते मुद्दाम, वेगळ्या तारेने तापवलेले नाही. मराठीत 'शीत ऋणाग्र' असे भाषांतर होते. आमच्या मते 'न तापवलेले ऋणाग्र' म्हटले असते तर भाच्याचे बोट तिकडे गेले नसते.

इतिहासात पाहिले तर थंड आधी आले, गरम नंतर. राँटगेन यांना १८९५ साली क्ष-किरण दिसले ते अशाच न तापवलेल्या नळीत. पण ती नळी लहरी. आतला वायू कमी-जास्त झाला की किरणही बदलत. १९१३ साली कूलिज यांनी टंगस्टनची तापलेली तार वापरली आणि तारेच्या उष्णतेवरून इलेक्ट्रॉन किती सोडायचे ते हातात आले. पाट्यांवरचे निऑन मात्र थंडच राहिले.

घरात बघायचे असेल तर ट्यूबलाइटची पट्टी बघा. तिच्यात दोन्ही प्रकार शेजारी-शेजारी नांदतात. ट्यूबच्या दोन्ही टोकांना तार असते आणि ती तापते, म्हणजे ट्यूब गरम ऋणाग्राची. स्टार्टरमध्ये काचेची इवलीशी कुपी असते, ती थंड प्रकारातली. बटण दाबले की कुपीतला वायू चमकतो, त्या उबेने आतली दुधातूची पट्टी वाकून चिकटते आणि ट्यूबच्या तारांना प्रवाह मिळून त्या तापू लागतात. पट्टी निवली की सुटते, आणि त्या झटक्याने चोक जो जास्तीचा दाब देतो त्यावर ट्यूब पेटते. पुढे स्टार्टर काढून घेतला तरी ट्यूब चालूच राहते.

दुसरी वस्तू टेस्टर. त्यातला नारिंगी दिवा म्हणजे निऑनची कुपी. तिच्याबरोबर मोठा रोध जोडलेला असतो म्हणून आपल्या अंगातून जाणारा प्रवाह कळतही नाही. पण टेस्टर पेटला नाही म्हणजे वायर निर्धोक, असे समजू नये. उजेडात तो दिसत नाही, कधी कुपीच गेलेली असते. आधी चालू सॉकेटमध्ये लावून त्याची परीक्षा घ्यावी, आणि हात लावायचाच असेल तर मेन स्विच बंद करावा.

जुन्या मॉनिटरचे आणि टीव्हीचे आणखी दोन धोके. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर साठा राहू शकतो. आणि पडद्यामागच्या त्या नळीत थोडा पारा असतो. नळी फुटली तर मुलांना बाहेर काढावे, खिडक्या उघडाव्यात, केरसुणी मारू नये. तुकडे जाड कागदाने गोळा करावेत, उरलेली पूड चिकटपट्टीने उचलावी, सगळे झाकणाच्या बरणीत बंद करून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावे.

भाच्याने मॉनिटर पुन्हा जोडला. दोन स्क्रू उरले, ते आमच्या टेबलावर आहेत.