बर्फाचा जुना हिशेब

पावसाच्या बाबतीत आपली मराठी श्रीमंत आहे. सर, झड, भुरभुर, रिपरिप, वळीव. एकेका नावात त्या त्या पावसाचा स्वभाव आला. बर्फाच्या बाबतीत मात्र आपण अगदीच दरिद्री. पिंजलेल्या कापसासारखा आभाळातून उतरतो तोही बर्फ, आणि उसाच्या रसात घालतात तोही बर्फच! सह्याद्रीच्या कुशीत राहून त्यावाचून आपले काही अडले नाही. पण हल्ली आपली मुले हिवाळ्यात गुलमर्गला जातात, पायांना स्की बांधून घसरायला शिकतात, आणि त्यांतली काही धीट मुले राखलेला उतार सोडून मोकळ्या डोंगरावर जाऊ पाहतात.

माझा भाचा त्या धीटांपैकी. त्याचा फेब्रुवारीचा बेत कळताच आमची ताई माझ्याकडे आली. "तू कॉलेजात शिकवतोस ना? मग समजाव त्याला!" आता मराठी शिकवणाऱ्याने बर्फाविषयी काय समजवावे? पण पुस्तके उघडली, भाच्यालाही समोर बसवले.

गुलमर्ग म्हणजे फुलांचे कुरण. नाव असे गोंडस. पण वरचा अफरवट डोंगर चार हजार मीटरांहून उंच. २००५ पासून गोंडोलाचा पाळणा माणसाला थेट त्याच्या खांद्यावर नेऊन सोडतो. पाळण्याजवळचा उतार गस्तवाले तपासतात. त्यापलीकडचा ज्याचा त्याने पाहायचा. ८ फेब्रुवारी २०१० रोजी खिलनमर्गला सतरा जवान हिमलोटाखाली गेले, तेही बर्फातल्या युद्धाचे शिक्षण घेण्यासाठी आलेले. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवटवर पोलंडचे दोन स्कीपटू गेले, आणि पुढल्याच वर्षी फेब्रुवारीत एक रशियन.

बर्फ थराथराने साठतो, आणि प्रत्येक थर आपला हिशेब राखून असतो. हिवाळ्याच्या आरंभी थोडा बर्फ पडून मग बरेच दिवस कोरडी, निरभ्र थंडी राहिली, तर त्या थराचे कण जाड साखरेसारखे सुटे होतात. मग पश्चिमेकडून वादळ येते, हात-दोन हात नवा बर्फ टाकते, आणि वारा तो डोंगराच्या आडोशाला थापून बसवतो. ताटात साखर पसरून तिच्यावर वडी थापावी आणि ताट तिरपे करावे, तशी ही रचना! तीस ते पंचेचाळीस अंशांचा उतार, म्हणजे आपल्या जिन्याइतका किंवा त्याहून थोडा उभा, सर्वांत घातक. माणसाचा भार पडला की खालची साखर ढासळते आणि सारी वडी एकदम निसटते. स्कीपटूला गाठणारा लोट बहुधा त्याने स्वतः किंवा त्याच्या सोबत्यानेच सोडवलेला असतो. कधी आधी पायाखाली 'धप्प' असा आवाज होतो, तडा पळत जातो. कधी तेवढीही सूचना मिळत नाही.

"पण मामा, आदल्या दिवशी दहा जण तिथूनच उतरलेले असतात," भाचा म्हणाला. नेमकी इथेच फसगत होते. थर सगळीकडे सारखा जाड नसतो. दहा जण जाड जागेवरून जातात, अकराव्याचा पाय पातळ जागी पडतो. पाऊलखुणा म्हणजे हमीपत्र नव्हे.

धोक्याच्या पाच पायऱ्या युरोपने १९९३ साली ठरवल्या. गंमत अशी, की आल्प्समध्ये सर्वाधिक स्कीपटू पाचव्या पायरीच्या दिवशी नव्हे, तर तिसऱ्या पायरीच्या दिवशी दगावतात. पाचवीला माणूस घरात बसतो. तिसरीला ऊन असते, ताजा बर्फ असतो, आणि 'मधलाच तर आकडा' असे मन म्हणते.

एखादा गाडला गेलाच, तर पहिली दहा-पंधरा मिनिटे मोलाची. एवढ्या वेळात खालून मदत पोहोचत नाही. वाचवतो तो सोबतीच. म्हणून ठावठिकाणा सांगणारे बीकन यंत्र, बर्फात खुपसायची लांब सळई आणि फावडे प्रत्येकाजवळ हवे.

मी भाच्याला जाऊ नको म्हटले नाही. तीन प्रश्न मात्र विचारले. सकाळची सूचना वाचूनच निघणार ना? धोक्याच्या उतारावर एका वेळी एकच जण जाणार ना? आणि तू मागे फिरू म्हणालास, तर टोळीतले कोणी हसणार नाही ना?

तिसऱ्या प्रश्नाला तो थांबला. मनाशी सोबत्यांची नावे मोजू लागला, आणि थोड्या वेळाने त्यांतले एक नाव त्याने गाळले.