जावयाचा भाव चार लाख बाट

पोस्ट मोठी आहे. वेळ असेल तरच वाचा. पण थाई मुलीशी लग्न करायच्या विचारात असलेल्यांनी शेवटपर्यंत वाचा, कारण महिन्यातून दोन-तीन जण तरी मला इनबॉक्समध्ये एकच प्रश्न विचारतात. "दादा, लग्न केलं की थायलंडमध्ये कायमचं राहता येतं ना?"

नाही. वर्षभर राहता येतं. पुढच्या वर्षी परत विचारायचं.

मी मूळचा सांगलीचा. गेली अकरा वर्षं ईशान्य थायलंडमध्ये राहतो. इथल्या एका खाजगी शाळेत गणित शिकवतो, वर्क परमिट आहे, कर भरतो. बायको सरकारी दवाखान्यात नर्स आहे. मुलगी सात वर्षांची, जन्माने थाई. आम्ही सासऱ्यांच्याच आवारात राहतो, म्हणजे आपल्या भाषेत मी घरजावई. आपल्याकडे धोंड्याच्या महिन्यात जावयाला ताटभर अनारसे देतात. इथलं सरकार जावयाला फाईल देतं.

गेल्या मंगळवारी त्या फाईलचा वार्षिक सोहळा झाला. बायको नाइट ड्यूटी करून आली, तोंडावर पाणी मारलं आणि तशीच माझ्याबरोबर इमिग्रेशनला निघाली. तिला हजर राहावंच लागतं. बरोबर काय काय नेलं ते सांगतो. लग्नाचा दाखला. तालुका कचेरीतून आणलेला 'खॉ रॉ २', म्हणजे लग्नाच्या नोंदीचा ताजा उतारा. सातबाऱ्यासारखाच आहे तो, मागच्या वर्षीचा चालत नाही. तिचं घरपुस्तक, तिचं ओळखपत्र. घराचा हाताने काढलेला नकाशा. घर नंबराखाली दोघं उभे असलेला फोटो, बैठकीत बसलेला फोटो, मुलीसकट फोटो. साक्षीला शेजारीण. बँकेचं पत्र आणि पासबुक. फी १,९०० बाट. एवढं झाल्यावर शिक्का मिळतो तोही 'विचाराधीन'चा. महिनाभराने परत जायचं, मग वर्षाचा शिक्का.

तिथले कर्मचारी सभ्य आहेत. हसून बोलतात. मुलीला चॉकलेटही दिलं. माझं भांडण माणसांशी नाही, त्यांच्या टेबलावरच्या नियमाशी आहे.

नियम असा. थाई बाईशी लग्न केलेल्या परदेशी नवऱ्याने एक तर महिना ४०,००० बाट कमाई दाखवायची, नाहीतर थाई बँकेत ४,००,००० बाट अर्जाआधी दोन महिने पडून आहेत हे दाखवायचं. चार लाख बाट म्हणजे आपले दहा-अकरा लाख रुपये. माझा पगार २८,०००. बायकोचा ३६,०००. दोघांचे मिळून ६४,०००. त्यात घर चालतं, मुलीची शाळा चालते, सांगलीला आईला पैसे जातात. पण नियम फक्त माझे २८,००० मोजतो. बायकोचे ३६,००० म्हणजे शून्य.

हे वाक्य परत वाचा. थायलंडच्या सरकारी दवाखान्यात, थायलंड सरकारच्या पगारावर काम करणाऱ्या थाई नर्सची कमाई थायलंडचंच सरकार शून्य धरतं. कारण अर्जावर नवऱ्याचं नाव आहे.

आता उलटं बघा. माझ्या जागी परदेशी बाई असती आणि तिने थाई पुरुषाशी लग्न केलं असतं तर? २०१४ च्या ३२७/२५५७ क्रमांकाच्या पोलीस आदेशात हे ४०,००० आणि ४,००,००० लिहिलेत. तिथे ही अट परदेशी नवऱ्याला आहे, परदेशी बायकोला नाही. म्हणजे थाई पुरुष म्हणाला "ही माझी बायको", की झालं. थाई बाई म्हणाली "हा माझा नवरा", की तिला विचारतात, "पैसे किती आणलेत त्याने?"

लोकांना वाटतं हा परदेशी माणसावरचा अन्याय आहे. माझं म्हणणं वेगळं आहे. भोगतो मी, पण अपमान तिचा आहे. तिच्या शब्दाला किंमत नाही, तिच्या पगाराला नाही, तिच्या घराला नाही. आणि हे जुनंच दुखणं आहे. परदेशी माणसाशी लग्न केलेल्या थाई बाईला १९९९ पर्यंत स्वतःच्या देशात जमीन विकत घेता येत नव्हती. आता येते, पण हा पैसा फक्त तिचाच आहे, माझा त्यावर हक्क नाही, असं मी लिहून द्यायचं. दिलंय लिहून. कुरकुर नाही. पण मग असा हिशेब करा की! जमीन घेताना तिचा पैसा वेगळा, पक्का, मोजण्यालायक, आणि नवऱ्याला घरात ठेवताना तोच पैसा गायब?

यंदा हे सगळं अंगाशी आलं म्हणून लिहितोय. अर्जाला पाच आठवडे होते आणि सांगलीहून फोन आला की आईचं मांडीचं हाड मोडलंय, ऑपरेशन लगेच करायचं. बँकेत चार लाख बाट आहेत. माझेच आहेत. पण हात लावला तर शिल्लक खाली जाते, शिल्लक गेली की अर्ज गेला, अर्ज गेला की मुदत संपायच्या दिवशी देश सोडायचा. आई तिकडे दवाखान्यात, पैसे इकडे पासबुकात, आणि मी मधे कॅलेंडर घेऊन बसलेला.

पैसे कुठून आले? बायकोने तिच्या दवाखान्याच्या सहकारी पतसंस्थेतून दीड लाख बाट कर्ज काढलं. दोन दिवसांत मिळालं. कशावर? तिच्या पगारावर! पतसंस्थेने तिच्या सहीवर दीड लाख मोजून दिले, आणि त्याच सहीवर सरकार नवऱ्याला घरात राहू देत नाही. इमिग्रेशनहून परत येताना तिने गाडीत एकच प्रश्न विचारला. "माझी पगाराची चिठ्ठी बॅगेतच राहिली. कोणी मागितलीच नाही ना?" मला उत्तर सुचलं नाही.

आई आता वॉकर धरून चालते. पण हप्ते अजून तीन वर्षं चालणार.

आता ठरलेले आक्षेप येतील. एकेक घेतो.

"प्रत्येक देशाला आपले नियम करायचा हक्क आहे." आहेच. मीही पाळतोय. दर ९० दिवसांनी पत्ता कळवतो, देशाबाहेर जायच्या आधी री-एंट्री परमिट काढतो, कारण ते विसरलं तर वर्षाचा शिक्का विमानतळावरच मरतो. हक्क आहे म्हणून नियम शहाणा ठरत नाही.

"खोटी लग्नं होतात." होतात. पण चार लाखांनी ती थांबतात का? मंजुरी मिळाली की पैसे काढता येतात. त्यामुळे खात्यात पैसे 'दाखवून' देणाऱ्या एजंटांचा धंदा जोरात आहे. खोटा माणूस कमिशन देऊन सुटतो. खरा माणूस आईच्या ऑपरेशनच्या वेळी पासबुकाकडे बघत बसतो. लग्न खरं आहे का हे बघायला फोटो, शेजारीण, घरी भेट आहेच की. पैशाने लग्न खरं ठरत नाही.

"बाकीचे देश तर आणखी कडक आहेत." ब्रिटनचं उदाहरण घ्या. एप्रिल २०२४ पासून तिथे जोडीदाराला आणायला वर्षाला २९,००० पौंड कमाईची अट आहे. कडकच आहे. पण ती कमाई आधी कोणाची बघतात? तिथल्याच नागरिकाची, जो जोडीदाराला बोलावतोय त्याची. म्हणजे निदान आपल्या माणसाला माणूस धरतात. आणि आपण? माझ्या थाई बायकोला लग्नाला दोन वर्षं झाल्यावर भारताचं ओसीआय मिळालं. तहहयात. बँक पासबुक कोणी मागितलं नाही, भारतात कितीही दिवस राहिली तरी पोलिसात नोंद नाही. लग्न मोडलं तर ते रद्द होऊ शकतं, तेही ठीक. भारताच्या कारभाराला मी रोज नावं ठेवतो, पण इथे मान द्यावा लागतो.

"दुसरे व्हिसे आहेत ना!" आहेत. तरुणांनी हे नीट वाचा.

१) नोकरीवरचा व्हिसा. मी आधी तोच घेत होतो. नोकरी संपली त्या दिवशी राहण्याची परवानगीही संपते. दोनदा शाळा बदलताना जीव टांगणीला लागला, म्हणून लग्नाच्या आधारावर आलो.

२) पर्यटक म्हणून येऊन थाई जोडीदाराला भेटण्यासाठी ६० दिवसांची मुदतवाढ. भेटीला ठीक, संसाराला नाही.

३) निवृत्तीचा. वय ५० पूर्ण हवं, आणि ८,००,००० बाट ठेव किंवा महिना ६५,०००. त्यावर नोकरी करता येत नाही.

४) डीटीव्ही, जुलै २०२४ पासून. पाच वर्षांचा, एका वेळी १८० दिवस. ५,००,००० बाट दाखवायचे. बाहेरच्या देशाचं काम लॅपटॉपवर करणाऱ्यांसाठी. इथल्या शाळेत शिकवणाऱ्याला उपयोग नाही.

५) श्रीमंत आणि बड्या पगारवाल्यांसाठी दहा वर्षांचा एलटीआर, २०२२ पासून. त्यांना ९० दिवसांची हजेरीसुद्धा नाही, वर्षातून एकदा कळवलं की पुरे.

६) कायमचं वास्तव्य. एका देशाच्या जास्तीत जास्त १०० लोकांना, वर्षाला. थाई जोडीदार असेल तर मंजुरीची फी ९५,७०० बाट.

७) नागरिकत्व. २००८ च्या दुरुस्तीनंतर थाई बाईच्या नवऱ्यालाही वाट थोडी सोपी झाली. पण ते घेतलं की भारताचं जातं. ज्याचं त्याने ठरवावं. माझं अजून ठरत नाही.

यादी बघून काय दिसतं? लॅपटॉपवाल्याला पाच वर्षं, श्रीमंताला दहा. इथल्या मुलीचा बाप, इथल्या म्हाताऱ्या सासऱ्याला दवाखान्यात नेणारा माणूस, त्याला एक वर्ष. आणि उद्या बायकोचं काही बरंवाईट झालं तर लग्नाचा आधारच संपला. आमच्या गावात एका परदेशी गृहस्थांची बायको वारली. तेराव्या-चौदाव्या दिवशी बिचारा निवृत्तीच्या व्हिसासाठी आठ लाख कुठून आणायचे ते विचारत फिरत होता. दुःख करायला तरी वेळ द्याल की नाही?

इथे सिन्सॉतची पद्धत आहे, मुलाने मुलीच्या आईवडिलांना पैसे द्यायची. मीही दिले. सासूबाईंनी त्यातले अर्धे दुसऱ्याच दिवशी परत केले. सरकारचा सिन्सॉत मात्र दरवर्षी मांडून दाखवावा लागतो.

२३ जानेवारी २०२५ पासून थायलंडमध्ये विवाह समानतेचा कायदा लागू झाला. आग्नेय आशियात पहिला देश. नागरी कायद्यात पती-पत्नीच्या जागी 'जोडीदार' शब्द आला. मनापासून अभिनंदन. मग व्हिसाच्या टेबलावरही तोच शब्द येऊ द्या. माझ्या मागण्या चारच. जोडप्याची कमाई एकत्र मोजा. नवऱ्याला आणि बायकोला एकच नियम ठेवा. पाच वर्षं नीट नूतनीकरण झालं की पुढचा शिक्का पाच वर्षांचा द्या. जोडीदार गेला तर मागे राहिलेल्याला एक वर्ष द्या.

थाई सरकार मराठी वाचत नाही, हे ठाऊक आहे. हेच बायको आणि मी मिळून थाईत लिहितोय, तिच्या सहीने, कारण ते पत्र तिचंच आहे. मराठीत लिहिलं ते तुमच्यासाठी. इकडे लग्न करायचं असेल तर जरूर करा, माणसं सोन्यासारखी आहेत. पण व्हिसाचे चार लाख आणि अडीअडचणीचे पैसे वेगवेगळे ठेवा. ते एकच आहेत असं समजलो, ही माझी चूक.

आणि थायलंडला हसण्याआधी आपल्या घरातला एखादा सरकारी अर्ज काढून बघा. 'पतीचे अथवा वडिलांचे नाव' तिथेही असेल.

भारतीयांना इथे बोलीभाषेत 'खेक' म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ पाहुणा. अकरा वर्षं झाली. मुलगी परवा विचारत होती, "बाबा, आपण दरवर्षी त्या ऑफिसात घरासमोरचा फोटो का देतो?" म्हटलं, "आपण एकत्र राहतो हे त्यांना सांगायला."

"मग अजून कळलं नाही का त्यांना?"