हसायचं तर आमच्या भांडणाला हसा

मराठी मालिका लिहिणाऱ्या आणि दाखवणाऱ्या मंडळींस, राळेगावहून.

माझी बायको टीव्हीशी बोलायची. घरात आणखी कोणी असो नसो, पडद्यावरच्या माणसाला ती शेजारच्या अंगणातलं समजून बोलायची. "अवं माय, थो नाई ऐकत तं सोड ना, कायले डोकं फोडून घेतं!" आमच्या लग्नाला आता चाळीस वर्षं होत आली. त्यातली निम्मी तरी मी हा आवाज ऐकत जेवलो. गेल्या संक्रांतीपासून ती टीव्हीसमोर बसते, पण बोलत नाही. त्याचं दुःख मला तुमच्यापाशी मांडायचं आहे, कारण ते थोडंफार तुमच्यापर्यंत येऊन पोचतं.

आधी तुमचं ऋण सांगतो. 2001 मध्ये अल्फा टीव्ही मराठीवर 'श्रीयुत गंगाधर टिपरे' सुरू झालं, तेव्हा आमच्या लग्नाला पंधरा वर्षं झाली होती. दिलीप प्रभावळकरांचे आबा, राजन भिसे यांचा शेखर, शुभांगी गोखले यांची श्यामला, आणि शिऱ्या-शलाका ही दोन पोरं. मी जिनिंगमध्ये कापसाच्या काट्यावर कामाला होतो. हंगामात गाड्यांची रांग संपायला रात्र व्हायची, तरी टिपऱ्यांच्या वेळेला घर गाठायचो. भारनियमन तेव्हा जोरात होतं. भाग ऐन रंगात यायचा आणि लाईन जायची. मग पुढं काय झालं असेल ते कंदिलाच्या उजेडात ही मला रचून सांगायची. श्यामला काय म्हणाली असेल, शेखरनं तोंड कसं केलं असेल. तिच्या रचण्यात श्यामला वऱ्हाडी बोलायची आणि ते तिला शोभूनही दिसायचं.

टिपरे मुंबईकडचे. त्यांची भाषा आमची नव्हती, घर आमच्यासारखं नव्हतं, लोकल गाडीत आम्ही तोवर पाय ठेवला नव्हता. तरी ते घर परकं वाटलं नाही. ह्याचं कारण मी पुष्कळदा मनाशी शोधलं. त्या घरात हसू यायचं ते नवरा-बायकोच्या कुरबुरीतून, आबांच्या रोजनिशीतून, बाप-लेकाच्या न जुळण्यातून. शेखर श्यामलावर वैतागायचा, पण तिची लाज त्याला कधी वाटली नाही. चि. वि. जोशींच्या चिमणरावाचंही तसंच. दूरदर्शनवर प्रभावळकरांनी तो उभा केला तेव्हा आमच्याकडे टीव्ही कुठला! मी वाचनालयातून पुस्तकं आणून वाचली. चिमणराव आणि काऊ यांच्या संसारावर पोट धरून हसावं, आणि हसता हसता आपलंच घर आठवावं.

पुढं 2016 मध्ये 'माझ्या नवऱ्याची बायको' आली. राधिका नागपूरची, लग्न होऊन मुंबईकडच्या सोसायटीत राहणारी. आमच्या गल्लीत तर सणच झाला. आपल्याकडची बाई मालिकेची नायिका! अनिता दाते मूळच्या नाशिकच्या, तरी त्यांनी आमची बोली कष्टानं उचलली, ह्याबद्दल मला त्यांचा आदर आहे. कथाही राधिकेच्याच बाजूची होती. नवऱ्यानं दुसरीकडे मन लावलं आणि ही मसाल्यांच्या धंद्यावर उभी राहिली. तिच्या जिंकण्याला आम्ही टाळ्या वाजवल्या. पण एक गोष्ट तेव्हाही खुपायची. नवऱ्याला बायकोची लाज वाटते हे दाखवायला तिची बोलीच पुढं केली जायची, आणि लाज त्याची असली तरी हसू मात्र तिच्या 'मले-तुले'वर निघायचं. त्यानंतर मी पाहिलेल्या कितीतरी मालिकांत आमची बोली आली ती कामवालीच्या, चौकीदाराच्या, गावाहून टपकलेल्या पाहुण्याच्या तोंडी. घरच्या माणसांची भाषा वेगळी, दाराबाहेरच्यांची वेगळी. कामवाल्या बाईबद्दल मला कमीपणा नाही, माझ्या आईनं जन्मभर दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचला. मात्र ती बाई दोन वाक्यं बोलते, मागून हसण्याचा आवाज वाजतो आणि ती निघून जाते. तिला घर नाही, नवरा नाही, रुसवा नाही.

आता संक्रांतीचं सांगतो. मुलगा डोंबिवलीकडे नोकरीला असतो. त्यांच्या सोसायटीत हळदीकुंकू होतं. बायका म्हणाल्या, काकू, नाव घ्या. हिला उखाण्याची हौस. तिथल्या तिथं जुळवून म्हणाली, "तुरीले आल्या शेंगा, पऱ्हाटीले आलं बोंड, यायचं नाव घेतलं अन् गोड झालं तोंड." मध्ये माझं नाव. खोली हसली. "अय्या, अगदी सिरियलमधल्यासारखं बोलता हो तुम्ही! परत म्हणा ना, ते 'पऱ्हाटीले' परत म्हणा." तिनं म्हटलं. कोणीतरी मोबाइल धरला आणि तिसऱ्यांदा म्हणायला लावलं. त्या बायका वाईट नव्हत्या, वाण भरभरून दिलं त्यांनी, जेवून जा म्हणाल्या. उखाण्यात शेत होतं, तूर होती, चाळीस वर्षांचा नवरा होता; त्यांतलं त्यांना काहीच ऐकू आलं नाही, ऐकू आला तो फक्त एक प्रत्यय. रात्री आठ वर्षांच्या नातवानं सांगितलं, "आज्जी, तू उद्या मला शाळेत सोडायला येशील ना, तेव्हा बोलू नको हं." ती हो म्हणाली. सकाळी त्याचा हात धरून गेली आणि काही न बोलता परत आली.

आठ वर्षांच्या पोराला हे कोणी शिकवलं? घरात कोणी शिकवलं नाही. एवढंच विचारतो.

ह्या बोलीत काय काय लिहिलं गेलं हे तुम्हाला मी सांगावं असं नाही. महानुभावांचं लीळाचरित्र तेराव्या शतकात म्हाइंभटांनी रिद्धपूरला सिद्ध केलं. ते आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातलं गाव. 2024 मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा त्या ग्रंथाचं नाव सगळीकडे घेतलं गेलं. उद्धव शेळक्यांची 'धग' 1960 ची. त्यातली कौतिक नवऱ्याचा फाटका संसार ओढते आणि वऱ्हाडीतच बोलते. वाचताना हसू येत नाही, घसा दाटतो. आणि हसवायचंच म्हटलं तर भारत गणेशपुरे आहेत की. ते बोलतात तेव्हा आमचं अख्खं घर हसतं, कारण बोली त्यांच्या घरची असते आणि हसू त्यांच्या बोलण्यातल्या नेमकेपणाला येतं. म्हणजे बोली तीच. फरक कुठं पडतो ते तुम्ही लिहिणारी माणसं माझ्यापेक्षा चांगलं जाणता.

तुम्ही म्हणाल, तुमच्याकडे दाखवण्यासारखं आहे काय? आमच्या घरचंच सांगतो. 1990 च्या सुमारास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्ती काढली. शेतकऱ्यानं थोडी तरी जमीन बायकोच्या नावे करायची. ज्या गावात शंभर जण करतील त्या गावाला जोशी स्वतः येत. आमचं लग्न तेव्हा नवं होतं. मी दोन एकर हिच्या नावे केलं. पटवाऱ्यानं तीनदा विचारलं, नक्की ना? मी नक्की म्हणालो, आणि तेव्हापासून दर मृगाला आमच्या घरी भांडण आहे. मला सोयाबीन पेरायचं असतं, हिला तूर. "सातबारा पाहा, वावर कोनाचं हाय थे!" 2017 मध्ये मी हातापाया पडून तिच्या दोन एकरात पऱ्हाटी लावली. त्या वर्षी गुलाबी बोंडअळी आली. बोंड फोडलं की आत अळी, कापूस किडका. हिनं मला एका शब्दानंही टोचलं नाही, पण वर्षभर रोज चहा देताना विचारलं, "तुरीची दाय काय भाव हाय हो बजारात?" रोज. मी भाव सांगायचो. आमच्या मोठ्या सुनेला तेव्हा दिवस होते, ती पदर तोंडाला लावून आत पळायची.

ह्याला हसा ना. ह्याला हसलात तर आम्हाला बरं वाटेल.

राळेगावाजवळच रावेरी आहे. तिथं सीतेचं देऊळ आहे, एकट्या सीतेचं. रामानं टाकल्यावर ती इथं आली, लव-कुश इथंच जन्मले, बाळंतिणीनं पसाभर गहू मागितला तो गावानं दिला नाही, म्हणून ह्या शिवारात गहू पिकणार नाही असा शाप दिला, अशी आमच्याकडची कथा. त्या देवळाचा जीर्णोद्धार शरद जोशींनीच मनावर घेतला. आम्ही दोघं वर्षातून एकदा तरी जातो. हात जोडून झाले की ही दरवेळी माझ्याकडे वळून म्हणते, "पाहा, एकलीनं वाढवले लेकरं." मी दरवेळी म्हणतो, "मी काय केलं वं?" ती म्हणते, "तुमाले कोन म्हनते? मी रामाले म्हनतो." बायका आमच्याकडे 'म्हनतो' म्हणतात, ही तुमच्या लेखी चूक ठरेल. देवळाच्या पायरीवर बसून आम्ही शेंगदाणे खातो आणि एसटीची वाट पाहतो. त्या पायरीवर तुमची एखादी मालिका सुरू होऊ शकली असती. बाकी तुम्ही नवरा-बायकोत तिसरी आणली, विष आणलं, हरवलेली स्मृती आणली, जावांचे कट आणले. चाळीस वर्षं एकमेकांना धरून असलेली दोन माणसं तुमच्याकडे केवळ फोटोला हार घालायला किंवा लग्नात अक्षता टाकायला उरली. आणि ती आमच्या बाजूची असली तर तेवढीही नाहीत.

एक भाग मागत नाही, आठवड्याची वेळ मागत नाही. आमच्यापैकी कोणाला पडद्यावर बोलवाल तेव्हा त्याला बसायला खुर्ची द्या, भांडायला नवरा किंवा बायको द्या आणि शेवटचं वाक्य त्याचं ठेवा.

परवा रात्री नातवाचा फोन आला. टीव्ही चालू होता, मी आवाज कमी केला. आधी ती फोन उचलला की म्हणायची, "जेवला काय रे बापू? काय खाल्लं?" परवा तिनं क्षणभर थांबून, पुस्तकातलं वाचावं तसं, हळू विचारलं, "बाळा, जेवलास का?" चाळीस वर्षांत हे शब्द मी तिच्या तोंडून ऐकले नव्हते.

आपला,
राळेगावचा एक जुना प्रेक्षक